राउटरवर हक्क कोणाचा?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या संगणक-कक्षात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तहसील कचेरीत भिंतीवर टांगलेली, दोन-चार शिंगे वर काढलेली आणि हिरवे दिवे लुकलुकवणारी एक लहानशी पेटी आता बहुतेकांच्या परिचयाची झाली आहे. तिला राउटर म्हणतात. बाहेरून आलेली इंटरनेटची तार तिच्यात शिरते आणि तेथून पुढे हे जाळे बिनतारी लहरींच्या रूपाने खोलीभर पसरते. इंटरनेट बंद पडले की आपण तिच्याकडे पाहतो; एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

ह्याच पेटीवरून २०१५ साली अमेरिकेत एक मोठा वाद उभा राहिला. ती विकत घेणाऱ्याला तिच्या आतील आज्ञावली बदलण्याचा अधिकार असावा की नसावा, हा त्या वादाचा विषय होता. एका बाजूला विमानांच्या सुरक्षिततेची चिंता वाहणारी शासकीय यंत्रणा होती. दुसऱ्या बाजूला इंटरनेटच्या उभारणीत ज्यांनी आयुष्य वेचले असे तंत्रज्ञ होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. नियम कशासाठी करावयाचा आणि तो कोणत्या शब्दांत मांडावयाचा, हा प्रश्न प्रशासनात काम करणाऱ्यांच्या नित्याच्या अनुभवातला आहे. त्यामुळे विषय तांत्रिक असला तरी त्यातील मर्म आपल्या वाचकांना परके वाटणार नाही.

पेटीच्या आत काय असते?

राउटर हा वस्तुतः एक संपूर्ण संगणक असतो. त्याला पडदा आणि कळफलक तेवढा नसतो. त्याने काय करावयाचे ते सांगणारी आज्ञावली कारखान्यातच त्याच्या स्मृतीत कायमची भरून ठेवलेली असते. तिला फर्मवेअर असे नाव आहे. ह्या संगणकाच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्याच चकतीवर, एक लहान रेडिओ असतो. तो लहरी पाठवतो आणि ग्रहणही करतो.

म्हणजे एकाच पेटीत दोन निरनिराळी कामे चालतात. कोणत्या संगणकाकडून आलेला संदेश कोठे पाठवावयाचा, कोणाला आत येऊ द्यावयाचे, कोणाला अडवावयाचे, हे पहिले काम. ते मालकाच्या घरातले आहे. कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने लहरी सोडावयाच्या, हे दुसरे काम. ते घरापुरते राहत नाही, कारण लहरी भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे आणि छपरावरून आकाशात जातात. प्रत्येक देशाने ह्या दुसऱ्या कामासाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. उदाहरणार्थ, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेतील राउटर सामान्यतः १ ते ११ ह्या वाहिन्या वापरतात, तर युरोपात आणि भारतात १३ वाहिन्यांपर्यंत मुभा आहे. कारखान्यात पेटी एकच बनते. ती कोणत्या देशात आहे हे फर्मवेअरमधील एका सांकेतिक नोंदीवरून ठरते. ती नोंद बदलली की पेटीची वर्तणूक बदलते.

पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ येथे आहे. घरातले काम आणि आकाशातले काम ही दोन्ही एकाच फर्मवेअरच्या हाती दिलेली असतात.

एक निळी-काळी पेटी

लिंकसिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारात आणला. पुढे २००३ मध्ये सिस्को ह्या बलाढ्य कंपनीने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी काही चिकित्सक तंत्रज्ञांच्या लक्षात आले की, ह्या राउटरचे फर्मवेअर लिनक्सवर बेतलेले आहे. लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली आहे. ती कोणीही वापरावी, बदलावी आणि विकावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने तिची मूळ संहिताही द्यावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. कंपनीने पेट्या विकल्या, पण संहिता दिली नव्हती. तंत्रज्ञांनी ही अट निदर्शनास आणून दिली, आणि २००३ मध्येच कंपनीने संहिता प्रसिद्ध केली.

परिणाम कोणाच्याही कल्पनेपलीकडचा झाला. त्या संहितेच्या आधारे २००४ च्या आरंभी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो अशी आणखी फर्मवेअर निघाली. घरगुती वापरासाठी विकला जाणारा राउटर नव्या फर्मवेअरनिशी एखाद्या महागड्या यंत्राची कामे करू लागला. कंपनीने २००५ च्या अखेरीस त्याच नावाच्या नव्या आवृत्तीत लिनक्स काढून टाकले आणि स्मृतीही निम्म्यावर आणली. पण मागणी एवढी होती की, डब्ल्यूआरटी५४जीएल ह्या नावाने लिनक्सवर चालणारा वेगळा राउटर तिला चालू ठेवावा लागला. परवान्याच्या एका अटीतून निघालेली गोष्ट कंपनीच्या विक्रीचे साधन बनली, हे व्यापाराच्या इतिहासातले एक गमतीदार प्रकरण म्हणावे लागेल.

ह्या स्वातंत्र्याचा लाभ केवळ हौशी लोकांना झाला असे नाही. हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे फेब्रुवारी २००५ मध्ये डोंगराळ भागातील शाळा व संस्था जोडणारे एक सामुदायिक बिनतारी जाळे उभे राहिले. त्यात हेच लिंकसिसचे राउटर, बदललेले फर्मवेअर घालून आणि पावसापाण्यापासून बचाव करणाऱ्या पेट्यांत बंद करून, उघड्यावर बसवण्यात आले होते. प्रत्येक राउटर शेजारच्या राउटरचा संदेश पुढे पोचवी आणि एक वाट बंद पडली तर दुसरी शोधून काढी. कारखान्यातून आलेल्या फर्मवेअरला हे काम येत नव्हते. जाळे नेमके त्याच सुमारास उभे राहू शकले ह्याला आणखी एक कारण होते. भारत शासनाने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला होता. शासनाने आकाश मोकळे केले आणि पेटीही मोकळी होती. ह्या दोन्हींमुळे ते काम झाले.

रडारच्या पडद्यावरील रेघा

आता दुसरी बाजू पाहू. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उतरत असलेले एक प्रवासी विमान वादळी ढगातून अचानक खाली कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतात सापडले आणि १३७ जणांना प्राण गमवावे लागले. अशा झोतांची सूचना वैमानिकाला आधी मिळावी म्हणून अमेरिकेने १९९० च्या दशकात मोठ्या विमानतळांनजीक खास डॉप्लर हवामान रडार बसवली. ही रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात चालतात.

पुढे वाय-फायसाठी ५ गिगाहर्ट्झचा जो पट्टा खुला झाला त्यात हा भागही येतो. दोघांनी एकत्र नांदावे म्हणून एक युक्ती योजण्यात आली. ह्या भागातील वाहिनी वापरण्यापूर्वी राउटरने ६० सेकंद गप्प राहून कानोसा घ्यावयाचा. रडारचे स्पंद ऐकू आले तर ती वाहिनी वापरावयाची नाही. काम चालू असताना रडार आढळले तर १० सेकंदांच्या आत वाहिनी सोडावयाची आणि पुढे ३० मिनिटे तिकडे फिरकावयाचे नाही. आपल्याकडे अरुंद रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट देतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे वाट देण्याचे सौजन्य आज्ञावलीत लिहिलेले असते, आणि म्हणून ते पुसताही येते.

पोर्तो रिकोमधील सान हुआन येथील विमानतळाच्या रडारवर २००९ मध्ये विचित्र रेघा दिसू लागल्या. रडारच्या केंद्रापासून परिघापर्यंत जाणाऱ्या ह्या रेघांच्या मागे ढग आहे की नाही हेच कळेना. तपासात आढळले की, उंच जागी बसवलेली ५ गिगाहर्ट्झची बिनतारी उपकरणे रडारच्या वारंवारतेवर लहरी सोडत होती. काही उपकरणांत रडार ओळखण्याची व्यवस्था बंद केलेली होती, तर काहींत ती असूनही रडारचे स्पंद ओळखू शकत नव्हती. पुढील वर्षांत अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ह्याबद्दल अनेकांना दंड केले. ही मंडळी प्रामुख्याने छपरांवर व मनोऱ्यांवर उपकरणे बसवून इंटरनेट विकणारे व्यावसायिक होते. घरात बसून राउटरशी खटपट करणारा हौशी मनुष्य ह्या प्रकरणांत क्वचितच आढळतो. ही बाब येथे मुद्दाम नोंदवली आहे, कारण पुढे जो नियम झाला त्याचा भार त्याच्यावरच पडावयाचा होता.

नियम आणि त्याखालील प्रश्नावली

आयोगाने २०१४ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांसाठी सुधारित नियम केले. त्यातील अट अशी की, उपकरण ज्या मर्यादांसाठी प्रमाणित झाले आहे त्या मर्यादांबाहेर ते चालावे असा बदल त्रयस्थ व्यक्तीला आज्ञावलीत करता येऊ नये, अशी व्यवस्था उत्पादकाने करावी. ह्या अटीशी कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. तीत रेडिओच्या मर्यादांचा उल्लेख आहे. सगळी पेटी बंद करा, असे ती म्हणत नाही.

पण नियम एक असतो आणि त्याची अंमलबजावणी करणारी प्रश्नावली दुसरी असते, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना सांगावयास नको. प्रमाणपत्र मागणाऱ्या उत्पादकांसाठी आयोगाने मार्गदर्शक टिपण काढले. मार्च २०१५ च्या त्याच्या आवृत्तीत असा एक प्रश्न होता की, डीडी-डब्ल्यूआरटीसारखे त्रयस्थाचे फर्मवेअर उपकरणात भरले जाऊ नये म्हणून आपण काय व्यवस्था केली आहे, ते सविस्तर लिहावे. नियमाने रेडिओचे रक्षण सांगितले होते. प्रश्नाने एका मुक्त फर्मवेअरचे नाव घेऊन ते बाहेर कसे ठेवाल, असे विचारले.

उत्पादकाच्या दृष्टीने विचार करून पाहावा. घरातले काम आणि आकाशातले काम वेगळे करून फक्त दुसऱ्याला कुलूप लावावयाचे, तर यंत्राची रचना बदलावी लागते, वेळ जातो, पैसा लागतो. सगळ्या पेटीलाच कुलूप ठोकणे स्वस्त आणि सोपे. शिवाय त्यामुळे प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. पेटीच्या मालकाचे त्यात काय जाते, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नव्हता.

त्यातच जुलै २०१५ मध्ये आयोगाने उपकरण-प्रमाणनाच्या पद्धतीत व्यापक बदल सुचवणारा मसुदा प्रसिद्ध करून जनतेची मते मागवली. मुदत सुरुवातीला सप्टेंबरपर्यंत होती. ती वाढवून ९ ऑक्टोबर करावी लागली. मते हजारोंच्या संख्येने आली.

जाणकारांचे पत्र

त्या मतांमध्ये सर्वांत वजनदार ठरले ते २६० हून अधिक तंत्रज्ञांच्या व संशोधकांच्या सह्यांचे पत्र. त्यात पुढाकार होता तो डेव्ह टाट आणि इंटरनेटच्या मूळ शिल्पकारांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ ह्यांचा. केवळ विरोध नोंदवून ही मंडळी थांबली नाहीत. त्यांनी आयोगापुढे उलटाच प्रस्ताव ठेवला. उत्पादकाने रेडिओ चालवणाऱ्या आज्ञावलीची संपूर्ण संहिता प्रसिद्ध करावी, म्हणजे ती नियमाप्रमाणे वागते की नाही हे कोणालाही तपासता येईल. उपकरणाच्या आज्ञावलीवर अंतिम ताबा मालकाचा राहावा. विक्री थांबल्यानंतरही ठरावीक काळ दुरुस्त्या पुरवल्या जाव्यात, आणि सुरक्षेतील एखादा दोष उघड झाला तर ४५ दिवसांच्या आत दुरुस्ती मिळावी. जो उत्पादक हे करणार नाही त्याचे प्रमाणपत्र काढून घ्यावे.

ह्या प्रस्तावामागील तर्क नीट पाहण्यासारखा आहे. कुलूप लावल्याने आज्ञावली निर्दोष होत नाही. तिच्यातील दोष फक्त दिसेनासा होतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगन ह्या मोटार कंपनीचे प्रकरण बाहेर आले होते. चाचणीच्या वेळी धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी करामत त्या मोटारींतील बंद आज्ञावली करीत होती. बंद आज्ञावलीवर भरवसा ठेवून प्रमाणपत्र देण्यात काय जोखीम असते, ह्याचा तो ताजा धडा होता.

तंत्रज्ञांचा जीव ह्या प्रश्नात अडकण्याचे दुसरेही कारण होते. इंटरनेट वेगवान असूनही मध्येच अडखळते, बोलणे तुटते, असा अनुभव सर्वांनाच येतो. कोणी मोठी चित्रफीत पाठवू लागला की राउटर तिचे असंख्य तुकडे आपल्या साठवणीत रांगेने उभे करतो, आणि मागून आलेला बोलण्याचा एक लहानसा तुकडा त्या रांगेत ताटकळत राहतो. नाक्यावर मालमोटारींच्या मागे एखादी सायकल अडकावी तसे हे आहे. ह्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन ह्यांनी २०१२ मध्ये रांग लहान ठेवण्याची एक पद्धत शोधली. जिम गेटिस, डेव्ह टाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सुधारणा प्रत्यक्षात चालवून पाहिल्या त्या बाजारात मिळणाऱ्या नेटगिअर कंपनीच्या साध्या राउटरवर, ओपनडब्ल्यूआरटीपासून बनवलेले सेरोडब्ल्यूआरटी नावाचे फर्मवेअर घालून. त्यातून विकसित झालेली पद्धत जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत दाखल झाली आणि आज असंख्य यंत्रांत चालते. पेटीला कुलूप असते तर ह्या मंडळींना प्रयोगासाठी पेटीच मिळाली नसती.

आयोगाचे स्पष्टीकरण व त्यानंतर

आयोगाने १२ नोव्हेंबर २०१५ रोजी खुलासा केला. मुक्त फर्मवेअरवर बंदी घालण्याचा आपला हेतू नव्हता. उपकरण मर्यादेबाहेर जाऊ नये एवढेच अपेक्षित आहे, असे त्यात म्हटले होते. मार्गदर्शक टिपणातील डीडी-डब्ल्यूआरटीचा उल्लेख काढून टाकण्यात आला आणि प्रश्नाची भाषा बदलण्यात आली. जनतेची मते मागवणे हा केवळ उपचार नसतो, ह्याचे हे चांगले उदाहरण होय. एका शासकीय संस्थेने आपल्याच टिपणातील एक प्रश्न संदिग्ध असल्याचे ओळखून तो दुरुस्त केला, ही गोष्ट लहान नाही.

परंतु नियमाचा मूळ मजकूर तसाच राहिला आणि २ जून २०१६ ही मुदत जवळ येत होती. टीपी-लिंक कंपनीने अमेरिकेत विकावयाच्या राउटरना सरसकट कुलूप लावण्यास आरंभ केला. लिंकसिसने मात्र आपल्या डब्ल्यूआरटी मालिकेच्या राउटरमध्ये रेडिओच्या मर्यादांची माहिती फर्मवेअरपासून अलग, सुरक्षित जागी ठेवण्याची रचना केली. बाकीची पेटी मुक्त फर्मवेअरसाठी खुली राहिली. जे अवघड म्हणून सांगितले जात होते ते एका उत्पादकाने करून दाखवले.

ह्या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग १ ऑगस्ट २०१६ चा आहे. त्या दिवशी टीपी-लिंकने आयोगाशी तडजोड केली आणि २ लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. कंपनीच्या काही राउटरमध्ये देशाची नोंद बदलून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मान्य मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने लहरी सोडता येत होत्या. लक्षात घ्यावयाचे ते हे की, ही सोय कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होती. त्रयस्थाच्या फर्मवेअरचा त्यात संबंध नव्हता. तडजोडीचा एक भाग म्हणून, रेडिओच्या मर्यादा राखून मुक्त फर्मवेअर बसवता येईल अशी व्यवस्था शोधण्यासाठी मुक्तस्रोत तंत्रज्ञांबरोबर व चकती बनवणाऱ्यांबरोबर काम करण्याचे कंपनीने कबूल केले. वर्षापूर्वी जे फर्मवेअर बाहेर कसे ठेवाल असे आयोग विचारीत होता, त्यालाच आत वाट करून द्या, असे तोच आयोग आता सांगत होता.

युरोपातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशात असे कलम आहे की, ठरवून दिलेल्या प्रकारच्या उपकरणांत ज्या आज्ञावलीची नियमानुकूलता सिद्ध झाली आहे तीच भरता यावी. कोणते प्रकार ते ठरवण्याचे काम पुढील आदेशांवर सोपवलेले आहे. जर्मनीत स्वयंसेवकांनी बदललेल्या राउटरवर गावोगावी मोफत बिनतारी जाळी उभारली आहेत. त्यांचा ह्या कलमाला तेव्हापासून विरोध आहे. ही सिद्धता हजारो पैसे खर्चून एखादी कंपनी देऊ शकेल. फावल्या वेळात काम करणारा स्वयंसेवक ती कोठून देणार?

टाकून दिलेल्या पेट्यांचा प्रश्न

मुक्त फर्मवेअरचा विचार करताना बहुधा प्रयोगशील तंत्रज्ञांचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ह्या प्रश्नात अधिक गुंतलेला आहे तो सामान्य ग्राहक. उत्पादक एखादा राउटर काही वर्षे विकतो, नंतर नवा आणतो आणि जुन्याची दुरुस्ती थांबवतो. पेटी मात्र भिंतीवर चालूच असते. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर ह्या घातक आज्ञावलीने किमान ५४ देशांतील ५ लाखांहून अधिक राउटर व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास यंत्रणेने नागरिकांना इशारा दिला की, उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेले जुने राउटर गुन्हेगार आपल्या कारवाया लपवण्यासाठी वापरत आहेत; ते बदलावेत. ज्या पेटीला कुलूप आहे आणि जिचा कर्ता निघून गेला आहे, तिला बदलण्यावाचून गत्यंतर नसते. जिला मुक्त फर्मवेअर चालते, अशा पुष्कळ जुन्या पेट्यांना स्वयंसेवकांकडून दुरुस्त्या मिळत राहतात. चुकीचे फर्मवेअर घातले तर राउटर निकामी होतो, हेही खरे. म्हणून हे काम जाणत्या माणसाच्या हातून व्हावे.

आपल्याकडील संदर्भ

भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा बिनतारी जाळ्यांसाठी परवानामुक्त झाला. त्यात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा भाग येतो. परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे. शक्तीची मर्यादा पाळावयाची, इतरांना व्यत्यय आणावयाचा नाही आणि इतरांकडून व्यत्यय आल्यास संरक्षण मागावयाचे नाही, अशा ह्या सवलतीच्या अटी आहेत. उपकरणाला मान्यताही लागते.

ह्या मोकळ्या पट्ट्याचे मोल महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील २५ गावांपर्यंत इंटरनेट नेले ते ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींवर. ह्या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. आणि रडारचा प्रश्नही आपल्यापासून दूर नाही. मुंबईत कुलाब्याचे हवामान रडार एस-बँड म्हणजे वेगळ्या वारंवारतेचे आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे सुरू झालेले दुसरे रडार सी-बँडचे आहे, आणि वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ह्याच सी-बँडमध्ये मोडतो. मुंबईच्या पावसाचा अंदाज ज्या यंत्रावर घेतला जातो, त्याच्या आसपासच्या इमारतींवर बसवलेल्या बिनतारी उपकरणांनी कानोसा घेण्याचा नियम पाळणे किती आवश्यक आहे, हे निराळे सांगावयास नको.

ग्रामपंचायती, शाळा आणि कार्यालये राउटर घेतात तेव्हा किंमत आणि वेग एवढेच पाहिले जाते. त्याबरोबर काही साध्या बाबी विचारून घेता येतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बसवून झाल्यावर देशाची नोंद भारत अशीच आहे ना, हे पाहावे. अधिक पल्ला मिळावा म्हणून ती बदलून देणारे कारागीर असतात, आणि ही गोष्ट बेकायदेशीर आहे. गच्चीवर बसवावयाच्या उपकरणाच्या बाबतीत रडार ओळखण्याची व्यवस्था चालू असल्याची खात्री करावी. कारखान्याचा परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. ज्या राउटरला मुक्त फर्मवेअर चालते त्यांची यादी ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प प्रसिद्ध करतो; दोन राउटर सारख्याच किमतीचे असतील तर त्या यादीतला घेणे हिताचे. २०२४ च्या अखेरीस ह्या प्रकल्पाने ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा स्वतःचा राउटरही आणला असून, फर्मवेअर बिघडले तरी तो पूर्ववत करता यावा म्हणून त्यात दोन स्वतंत्र स्मृती ठेवल्या आहेत.

मात्र यादी पाहताना केवळ नावावर जाऊ नये. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर नावाखाली आवृत्तीचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो. डब्ल्यूआरटी५४जीप्रमाणे एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या आत अगदी निराळी यंत्रे असू शकतात, आणि एकीचे फर्मवेअर दुसरीला चालत नाही. राउटर भिंतीवर टांगण्यापूर्वीच तो क्रमांक जडसंग्रह नोंदवहीत लिहून ठेवावा.